पहिल्यांदाच फिल्म नोआर बघताय? ‘डबल इन्डेम्निटी’ने सुरुवात करा, आणि अशी करा

जुने ब्लॅक अँड व्हाइट इंग्लिश क्राइम सिनेमे बघायचेत पण सुरुवात कुठून करू, असं मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, आणि माझं उत्तर गेली कितीतरी वर्षं बदललेलं नाही: १९४४ चा ‘डबल इन्डेम्निटी’, दिग्दर्शक बिली वाइल्डर. १०७ मिनिटांचा सिनेमा आहे, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास, एका बैठकीत आरामात होतो. पण मी नाव सांगते आणि लोक रात्री अकराला जेवणं आटपून, मोबाइल हातात घेऊन, अर्धवट झोपेत लावतात आणि मग मला मेसेज येतो की अगं पहिल्या पाच मिनिटांतच खुनी कोण ते सांगून टाकलं, आता बघायचं काय? म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मला हा सिनेमा मनापासून आवडतो आणि तो कुणी अर्धवट सोडला की खरंच वाईट वाटतं.

आधी तो ‘नोआर’ शब्द. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ काळा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता तेव्हा तिथे अमेरिकन सिनेमे येतच नव्हते, युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये एकदम साठलेले सिनेमे पॅरिसमध्ये लागले आणि तिथल्या समीक्षकांना जाणवलं की हॉलिवूडचं काहीतरी बदललंय, गोष्टी काळोख्या झाल्यात, हिरो स्वच्छ राहिलेला नाही. नीनो फ्रँक नावाच्या समीक्षकाने त्याच वर्षी हा शब्द वापरला आणि ‘डबल इन्डेम्निटी’ त्याने ज्या सिनेमांबद्दल लिहिलं त्यातलाच. बनवणाऱ्यांना स्वतःला आपण नोआर बनवतोय हे माहीतच नव्हतं. त्यामुळे व्याख्या पाठ करून बसू नका, त्याची काही गरज नाही.

पायरी १: नावाचा अर्थ आधी समजून घ्या

ही पायरी कृपया गाळू नका. सिनेमा विम्याचा आहे, आणि विमा म्हणजे आपल्या ओळखीचा विषय. आपल्याकडे एलआयसीच्या पॉलिसीत दुहेरी अपघात लाभ असायचा आठवतंय? साधा मृत्यू झाला तर विम्याची रक्कम, अपघाती मृत्यू झाला तर तेवढीच रक्कम आणखी. डबल इन्डेम्निटी म्हणजे तेच. फक्त सिनेमातल्या पॉलिसीत ते अशा अपघातांना लागू आहे जे सहसा घडत नाहीत, उदाहरणार्थ माणूस ट्रेनमधून पडून मेला. मूळ रक्कम ५०,००० डॉलर, ट्रेनमध्ये मेला तर १,००,०००. आता ह्या एका कलमामुळे सगळी गोष्ट कशी वळते बघा, कारण बायको आणि विमा एजंट, ज्यांना तिच्या नवऱ्याला मारायचंय, त्यांना तो नुसता मरून चालत नाही, तो ट्रेनमध्येच मरायला हवा, आणि नवरा तर ट्रेनने जायला तयार नाही. सगळा ताण त्या एका कलमातून येतो.

माझ्या बाबांनी आयुष्यभर विम्याची एजन्सी केली, त्यामुळे हा सिनेमा मी त्यांच्यासोबत बघितला तेव्हा त्यांचं लक्ष कुठे गेलं ते सांगते. एक सीन आहे: संध्याकाळची वेळ, घरात नवरा कंटाळलेला, बायको आणि सावत्र मुलगी एका बाजूला चायनीज चेकर्स खेळतायत आणि एजंट गाडीच्या पॉलिसीच्या रिन्यूअलचे कागद पुढे करतो. एक सही झाली. मग तो म्हणतो, दुसऱ्या कॉपीवर पण करा. ती दुसरी कॉपी म्हणजे अपघाती विम्याचा अर्ज. नवरा वर बघतही नाही, सही ठोकून मोकळा. बाबा म्हणाले, “अगं, थांबव तिथे जरा.” मी थांबवलं. मग म्हणाले, “अशा किती सह्या मी घेतल्यात. कुणी वाचत नाही. एजंट चांगला आहे एवढ्याच भरवशावर लोक सही करतात.” आणि बराच वेळ गप्प बसले. मला तो सीन तोपर्यंत फक्त हुशार वाटायचा, त्या दिवसापासून तो बघवत नाही. पोरगी तिथे साक्षीदार म्हणून बसवलीये, तिला काही माहीत नाही, तिच्या डोळ्यांसमोर बापाचं मरण कागदावर येतंय आणि ती सोंगट्या हलवतेय.

पायरी २: टीव्ही आणि खोली

हे थोडक्यात सांगते पण करा नक्की. टीव्हीवरचा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा, आणि तो मोशन स्मूद करणारा ऑप्शन असतो तोही बंद. स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या काळात चित्र जवळजवळ चौकोनी असायचं, तर ते ताणून फुलस्क्रीन करू नका, माणसं जाडी दिसतात आणि फ्रेमची सगळी रचना मोडते. खोलीतले दिवे बंद. ह्या सिनेमात अर्ध्या गोष्टी अंधारात ठेवल्यात, तुमच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं तर तो अंधार राखाडी दिसतो आणि मग काहीच उरत नाही.

इंग्लिश सबटायटल लावा. इंग्लिश कितीही चांगलं असलं तरी लावा, लाजायचं काही कारण नाही. १९४० च्या दशकातली बोलायची पद्धत फार भरभर, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं उत्तर येतं, आणि ह्या सिनेमाची खरी मजा त्या बोलण्यातच आहे. संवाद वाइल्डर आणि रेमंड चँडलर ह्या दोघांनी मिळून लिहिले. चँडलर म्हणजे डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतला मोठा माणूस, पण पटकथा त्याने त्याआधी कधी लिहिली नव्हती आणि दोघांचं अजिबात पटत नव्हतं. मूळ कथा जेम्स एम. केन ह्यांची, १९३६ मध्ये मासिकातून क्रमशः आलेली.

पायरी ३: तीनच माणसं लक्षात ठेवा

वॉल्टर नेफ, विमा एजंट, म्हणजे फ्रेड मॅकमरे. फिलिस डीट्रिकसन, गिऱ्हाइकाची बायको, म्हणजे बार्बरा स्टॅनविक. बार्टन कीज, त्याच कंपनीतला क्लेम तपासणारा साहेब, म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन. बाकीचे येतात जातात, सावत्र मुलगी लोला तेवढी मधे महत्त्वाची होते.

एक गोष्ट आजच्या प्रेक्षकाला आपोआप कळत नाही म्हणून सांगते. मॅकमरे तेव्हा हलक्याफुलक्या कॉमेडी करणारा, हसरा, सज्जन दिसणारा नट होता. त्याला खुनी करणं म्हणजे आपल्याकडे कुणा लाडक्या कौटुंबिक हिरोला अचानक असं काम देण्यासारखं. आणि रॉबिन्सन उलट, पडद्यावर गँगस्टर म्हणून गाजलेला, त्याला इथे प्रामाणिक माणूस केलंय. म्हणजे चेहरेच अदलाबदल केलेत. १९४४ च्या प्रेक्षकाला हा धक्का पहिल्या सीनपासून बसत असणार, आपण तो मुद्दाम लक्षात ठेवायचा.

पायरी ४: पहिली दहा मिनिटं, आणि ‘खुनी कोण’ हा प्रश्न सोडून द्या

टायटल्स चालू असताना कुबड्या घेतलेल्या माणसाची काळी आकृती आपल्याकडे चालत येते. चेहरा दिसत नाही. ती आकृती लक्षात ठेवा, पुढे तिचा अर्थ दोन वेगवेगळ्या माणसांना लागतो, एवढंच सांगते. मग मध्यरात्रीचं लॉस एंजेलिस, एक गाडी सिग्नल तोडत धावते, नेफ ऑफिसच्या इमारतीत शिरतो, खांद्याला लागलेलं आहे, रिकाम्या ऑफिसात येऊन बसतो आणि डिक्टाफोन चालू करतो. डिक्टाफोन म्हणजे तेव्हाचं आवाज रेकॉर्ड करायचं मशीन, मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरला जायचा आणि सकाळी टायपिस्ट ते ऐकून पत्र टाइप करायची. तारीख सांगतो, १६ जुलै १९३८. आणि सरळ कबुली देतो: मी मारलं, पैशासाठी आणि एका बाईसाठी, आणि मला पैसाही मिळाला नाही आणि बाईही नाही.

झालं. सस्पेन्स संपला असं वाटून लोक इथेच रिमोट शोधतात. पण हे बोलणं तो कुणाला उद्देशून करतोय ते बघा ना. पोलिसांना नाही, वकिलाला नाही, देवालाही नाही. कीजला. ऑफिसातल्या साहेबाला मेमो लिहितोय असं करून बोलतोय. मला वाटतं सगळा सिनेमा ह्या एका गोष्टीत आहे, की जे ज्या माणसाला आधी सांगायला हवं होतं ते तो त्याला सगळं उद्ध्वस्त झाल्यावर सांगतोय. तुम्ही हा धागा पकडून बसलात तर पुढचा पावणेदोन तास काय होणार ह्यात नाही, तर तो कुठल्या कुठल्या क्षणी थांबू शकला असता ह्यात जीव अडकतो. आणि असे क्षण खूप आहेत. दर दहा मिनिटांनी एक दार उघडं असतं आणि हा त्याच्या समोरून निघून जातो.

पायरी ५: फिलिस खाली उतरते तो सीन

नेफ गाडीच्या पॉलिसीसाठी घरी जातो, साहेब घरी नाहीत, जिन्याच्या वर ती टॉवेल गुंडाळून उभी, ऊन घेत होती. मग कपडे घालून खाली येते आणि कॅमेरा तिचा चेहरा दाखवतच नाही, जिन्याच्या कठड्यातून तिचे पाय दाखवतो आणि घोट्यात एक साखळी, अँकलेट. आपल्याला पैंजण-तोरड्यांची सवय असल्याने त्याचं काही वाटत नाही, पण त्या काळच्या अमेरिकेत लग्न झालेल्या, चांगल्या घरातल्या बाईने घोट्यात असलं काही घालणं सरळ सूचक मानलं जायचं. नेफचं लक्ष पॉलिसीवरून उडतं ते तिथे.

तिचे सोनेरी केस खोटे वाटतात, वाटू द्या. तो विग आहे आणि स्टुडिओतल्या लोकांनीही तेव्हा त्यावर नाक मुरडलं होतं, पण ह्या बाईचं सगळंच वरवरचं, स्वस्त चमकणारं आहे आणि ते पहिल्या नजरेत दिसतंय, तरीही माणूस खेचला जातोय. ‘हिच्यात त्याने बघितलं काय’ असं तुम्हाला वाटलं तर सिनेमा बरोबर चाललाय. स्टॅनविकने हे काम घ्यायला आधी खळखळ केली होती, सरळ सरळ खुनी बाई करायची म्हणजे इमेजचं काय. मग केलं, आणि तिने जे केलंय त्याला तोड नाही. ती रडत नाही, ओरडत नाही, हातवारे करत नाही. चेहरा जवळजवळ हलत नाही.

ह्या भेटीतला गाडीच्या स्पीडवरचा संवाद दोनदा ऐका. ती म्हणते ह्या राज्यात वेगमर्यादा आहे, ताशी ४५ मैल. तो विचारतो मी किती वेगात होतो. आणि तिथून पुढे ट्रॅफिक पोलिस आणि पकडलेला ड्रायव्हर असं रूपक धरून दोघं एकमेकांशी जे खेळतात त्यात एक शब्द वावगा नाही आणि तरी सगळं बोलून होतं. असं लिहावं लागण्याचं कारण म्हणजे तेव्हाची हॉलिवूडची सेन्सॉर संहिता. केन ह्यांची ही कथा १९३५ मध्येच स्टुडिओंकडे फिरली होती आणि सेन्सॉर ऑफिसने चक्क कळवलं होतं की ह्यावर सिनेमा करणं योग्य नाही. विवाहबाह्य संबंध, खुनाची पद्धत तपशिलात, गुन्हेगारच नायक. आठेक वर्षं ती पडून राहिली. वाइल्डरचा नेहमीचा लेखक-साथीदार चार्ल्स ब्रॅकेट ह्यालाही ती नको वाटली, म्हणून तर चँडलर आला.

पायरी ६: उजेड कुठून येतोय ते बघा

फक्त एकच सवय लावून घ्या. प्रत्येक नव्या खोलीत गेल्यावर खिडकी शोधा. डीट्रिकसनच्या घरातल्या हॉलमध्ये खिडक्यांना व्हेनेशियन ब्लाइंड्स आहेत, म्हणजे त्या आडव्या पट्ट्यांच्या, आणि उजेड त्यातून पट्ट्या-पट्ट्यांनी आत येऊन नेफच्या कोटावर पडतो, तुरुंगाच्या गजांसारखा. अजून त्याने काही केलेलंही नाही. हे पुढे हजार सिनेमांत आणि जाहिरातींत येऊन गुळगुळीत झालंय, पण इथे ते ताजं आहे. कॅमेरामन जॉन साइट्झ. त्या उजेडात धूळ तरंगताना दिसते ना, ती खरी धूळ नाही, त्यांनी हवेत अॅल्युमिनियमची बारीक पूड सोडली होती. बाहेर कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन, मुलं बॉल खेळतायत, आणि आत दमट, साचलेली, आठवडाभर खिडकी न उघडलेल्या घराची हवा. वास येतो अक्षरशः.

वाइल्डर बर्लिनमध्ये सिनेमाची कामं करून पुढे आलेला, ज्यू, १९३३ मध्ये हिटलर आल्यावर जर्मनी सोडून पळालेला. जर्मन मूकपटांतली ती लांब सावल्यांची भाषा ह्या माणसांसोबत हॉलिवूडला आली. संगीतकार मिक्लोश रोझा, तो हंगेरीचा. कॅलिफोर्नियाच्या उन्हातला हा सिनेमा एवढा काळा का, त्याचं थोडं उत्तर मला तरी ह्यात दिसतं.

पायरी ७: खुनाचा सीन

गोष्ट सांगत नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगते. गाडीत तीन जण आहेत, एक ड्रायव्हिंग करतेय, एक शेजारी बसलाय, एक मागे खाली लपलाय. ठरलेल्या जागी हॉर्न तीनदा वाजतो. त्यानंतर कॅमेरा खुनाकडे वळत नाही. तो फिलिसच्या चेहऱ्यावर थांबतो, ती समोर रस्त्याकडे बघतेय आणि शेजारून फक्त आवाज. सेन्सॉरमुळे दाखवता येत नव्हतं हे खरं, पण जे दाखवलंय ते जास्त भयंकर आहे. तिच्या चेहऱ्यावर भीती शोधा, पश्चात्ताप शोधा. काय सापडतं ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्याआधी नेफची तयारी चालते तीही नीट बघा. घरातल्या फोनच्या घंटीत आणि दाराच्या घंटीत तो कागदाचं कार्ड अडकवून जातो, मागे कुणी फोन केला किंवा दार वाजवलं तर कार्ड खाली पडेल आणि परत आल्यावर कळेल. कसलं साधं डोकं! अशा बारक्या बारक्या गोष्टींनी तुम्ही नकळत त्याच्या बाजूने होता. आणि मग काम उरकल्यावर गाडी स्टार्टच होत नाही. ती चावी फिरवते, घरघर, बंद. परत, घरघर, बंद. तुम्ही दोन खुन्यांची गाडी सुरू व्हावी म्हणून खुर्चीत पुढे सरकून बसलेले असता. मी हा सीन सहा-सात वेळा बघितलाय आणि अजूनही माझी मूठ आवळली जाते. हा सीन वाइल्डरला कसा सुचला, तर त्याची स्वतःची गाडी स्टार्ट झाली नाही म्हणून!

त्यानंतर नेफ रस्त्याने चालत जातो आणि म्हणतो की मला माझीच पावलं ऐकू येईनात, मेलेल्या माणसाची चाल होती ती. इथे आवाज थोडा वाढवा.

पायरी ८: कीजकडे बघायला विसरू नका

पहिल्यांदा बघणारे सगळे फिलिसकडे बघतात, साहजिक आहे. पण माझं ऐका, कीजवर डोळा ठेवा. बुटका, कोटाचे खिसे फुगलेले, सिगार तोंडात आणि काडेपेटी कधीच जवळ नाही. दरवेळी खिसे चाचपतो आणि दरवेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याची सिगार पेटवून देतो. मोजत जा किती वेळा होतं ते. का मोजायचं ते शेवटी कळेल.

कीजच्या पोटात एक ‘छोटा माणूस’ राहतो, खोटा क्लेम आला की तो आतून ढुशा देतो आणि ह्याचं जेवण पचत नाही. कंपनीचा मालक जेव्हा म्हणतो की डीट्रिकसनने आत्महत्या केली, तेव्हा कीज उभा राहून आत्महत्यांच्या आकडेवारीवर जे बोलतो ना, कुठल्या पद्धतीने किती, विषाने किती, कुठलं विष, उडी मारून कुठून, आणि हळू चाललेल्या ट्रेनच्या मागच्या टोकावरून उडी मारलेली एकही केस नाही, ते एका दमातलं बोलणं म्हणजे नटांनी पाठ करावं असं आहे. आणि गंमत म्हणजे कंपनीचे पैसे वाचवायची संधी असताना तो खरं तेच बोलतो. शेजारी नेफ बसून मनातल्या मनात खूश होतो. थोडाच वेळ.

आता सगळ्यात महत्त्वाचा सीन, माझ्या मते. कीज नेफच्या केबिनमध्ये येतो, नोकरी द्यायला. माझा असिस्टंट हो, पगार ५० डॉलरने कमी पण काम डोक्याचं, क्लेम तपासणारा माणूस म्हणजे डॉक्टर, पोलिस, जज आणि पाद्री सगळं एकत्र. त्याला नेफमध्ये आपला वारस दिसतोय. आणि तेवढ्यात फोन वाजतो. फिलिस. नवऱ्याचा पाय मोडलाय, कुबड्या आल्यात, पण तो ट्रेनने जायला तयार झालाय. कीज समोर उभा म्हणून नेफ तिला ‘मार्गी’ अशी हाक मारून बोलतो, जणू कुणी मैत्रीण. एका कानात एक आयुष्य, दुसऱ्या कानात दुसरं, मधे हा रिसीव्हर धरून उभा. तो फोन ठेवतो आणि कीजला नाही म्हणतो. बाबांनी हा सीन संपल्यावर एवढंच विचारलं, “पन्नास डॉलर म्हणजे तेव्हा किती गं?” मला सांगता आलं नाही.

बघून झाल्यावर मगच वाचा

खरंच, न बघता इथून पुढे येऊ नका.

शेवटी दारात कोसळलेल्या नेफला काडी ओढता येत नाही आणि कीज ओढून देतो. एवढंच. सगळ्या सिनेमाभर एकीकडून चाललेली गोष्ट एकदा उलटी होते. वाइल्डरने ह्याच्या पुढचाही शेवट शूट केला होता, तुरुंगातलं गॅस चेंबर, नेफला मृत्युदंड, कीज काचेबाहेर बघतोय. त्यासाठी मोठा खर्चिक सेट उभा केला होता. आणि मग ते सगळं काढून टाकलं, कारण काडी पेटवल्यानंतर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एवढा पैसा ओतलेला सीन फेकून द्यायला केवढी हिंमत लागत असेल.

खरी केसही माहीत असू दे. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे ह्यांनी तिच्या नवऱ्याचा, अल्बर्टचा खून केला, दुप्पट भरपाईची विमा पॉलिसी होतीच. दोघांनी पकडल्यावर एकमेकांवर ढकललं. जानेवारी १९२८ मध्ये दोघांनाही सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसवलं, आणि एका फोटोग्राफरने घोट्याला कॅमेरा बांधून चोरून रूथचा फोटो काढला, दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर. केन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पत्रकार होते. घोटा इथेही आलाच, त्याचा अँकलेटशी संबंध असेलच असं नाही, पण मला प्रत्येक वेळी आठवतं.

दुसऱ्यांदा बघताना तीन गोष्टी शोधा. सिनेमा सुरू झाल्यावर साधारण १६ मिनिटांनी नेफ कीजच्या ऑफिसबाहेर येतो तेव्हा खुर्चीवर वाचत बसलेला चष्मेवाला माणूस म्हणजे स्वतः चँडलर, हे कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नेफच्या फ्लॅटचं दार बाहेर कॉरिडॉरमध्ये उघडतं, असं कुठल्या बिल्डिंगमध्ये नसतं, पण फिलिसला दारामागे लपवायचं होतं म्हणून केलंय, आणि त्या सीनमध्ये हे कुणाला आठवतही नाही. आणि ते सुपरमार्केट, जिथे दोघं डब्यांच्या रांगांत उभे राहून, ती काळा चष्मा लावून, बाळांच्या खाण्याच्या डब्यांशेजारी खुनाबद्दल कुजबुजतात आणि मधेच एक बाई येऊन वरचा डबा काढून मागते. शूटिंग १९४३ चं, युद्धामुळे रेशनिंग होतं, तेव्हा त्या डब्यांवरही पहारा ठेवावा लागला होता.

सात ऑस्कर नामांकनं मिळाली आणि एकही मिळालं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

पुढे काय बघायचं? लगेच दुसरा नोआर लावू नका, एक आठवडा जाऊ द्या, हा डोक्यात मुरू द्या. मग वाइल्डरचाच ‘सनसेट बुलेव्हार्ड’, १९५०, तिथेही गोष्ट सांगणारा माणूस पहिल्याच सीनमध्ये मरून स्विमिंग पूलमध्ये तरंगतोय. त्यानंतर ‘आउट ऑफ द पास्ट’, १९४७. आपल्याकडचं हवं असेल तर गुरुदत्तचा ‘बाजी’, १९५१, आणि हा रस्ता आपल्या गल्लीपर्यंत कसा आला ते बघायचं असेल तर ‘अंधाधुन’, २०१८, तो तर पुण्यातच घडतो, बायको, प्रियकर आणि मेलेला नवरा सगळे हजर. ‘जिस्म’ २००३ चा, तो ज्या ‘बॉडी हीट’वरून घेतला तो १९८१ चा सिनेमा ‘डबल इन्डेम्निटी’चाच वंशज. पण तो शेवटी बघा, आणि बघताना फिलिसचा तो गाडीतला चेहरा आठवा.